एक किडनी काढली, क्रिएटिनीन १.५ झालं: एका रुग्णाची दोन वर्षं

रुग्ण पुरुष, वय ५४, वजन ७४ किलो, बैठं काम. रक्तदाबासाठी सहा वर्षांपासून टेल्मिसार्टनची रोज एक गोळी. मधुमेह नाही. पोट फुगतं म्हणून सोनोग्राफी केली आणि डाव्या किडनीत गाठ दिसली. सीटी स्कॅनमध्ये ती ७.६ सेंमी भरली. जागा अडचणीची होती: किडनीच्या मध्यभागी, जिथून धमनी आत शिरते आणि शीर व मूत्रवाहिनी बाहेर पडतात, तिथेच ती टेकलेली. किडनीचे कॅन्सर हल्ली बहुतेक असेच, भलत्याच कारणासाठी केलेल्या तपासणीत सापडतात.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे, कुणा एका माणसाची फाइल नाही. पण यातलं प्रत्येक वळण किडनीच्या ओपीडीत नेहमी भेटतं. किडनी काढल्यावर सगळ्यांची नजर क्रिएटिनीनच्या, म्हणजे किडनीवाटे बाहेर पडणाऱ्या आणि रक्तात मोजल्या जाणाऱ्या एका टाकाऊ पदार्थाच्या, आकड्यावर खिळते आणि ज्या गोष्टींनी उरलेल्या किडनीचं खरोखर भलंबुरं ठरतं त्या बाजूला राहतात. त्या या प्रकरणात एकेक करून समोर येतात, म्हणून ते लिहून काढतो आहे.

ऑपरेशनआधी

क्रिएटिनीन १.० मिलिग्रॅम (दर १०० मिलिलिटरमागे), त्यावरून काढलेला ई-जीएफआर ८९. म्हणजे दोन्ही किडन्या मिळून मिनिटाला साधारण ८९ मिलिलिटर रक्तद्रव गाळत होत्या. लघवीतल्या अल्ब्युमिनचं (रक्तातलं एक प्रथिन) क्रिएटिनीनशी गुणोत्तर, पुढे नुसतं ‘अल्ब्युमिन’, १२, म्हणजे उत्तम. ३० पर्यंत काळजी नसते. रक्तदाब १३४/८४. उजव्या किडनीची लांबी १०.८ सेंमी.

एक तपासणी मात्र पुढच्या सगळ्या गोष्टीची किल्ली ठरली. डीटीपीए स्कॅनमध्ये किंचितसं किरणोत्सर्गी औषध शिरेतून देऊन कोणती किडनी किती गाळते ते मोजतात. निरोगी माणसात वाटणी जवळपास निम्मी-निम्मी असते. इथे डावी ४२ टक्के आणि उजवी ५८ टक्के निघाली. गाठीने डाव्या बाजूचा बराच भाग आधीच खाल्ला होता आणि उजवीने तो भार मुकाट्याने उचलायला सुरुवात केली होती. ८९ चे ५८ टक्के म्हणजे सुमारे ५२. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो पुन्हा लागेल.

फक्त गाठ काढून बाकीची किडनी वाचवता आली नसती का, हा प्रश्न नातेवाइकांनी विचारला आणि तो रास्तच होता. छोट्या गाठींत आता तेच करतात. २००६ साली न्यूयॉर्कमधील एका अभ्यासात ६६२ रुग्ण तपासले. दोन्ही किडन्या असलेल्या आणि क्रिएटिनीन नॉर्मल असलेल्या त्या लोकांपैकी २६ टक्क्यांचा ई-जीएफआर ऑपरेशनच्या आधीच ६० च्या, म्हणजे किडनीविकार धरण्याच्या रेषेच्या, खाली होता. तीन वर्षांनंतर ई-जीएफआर ६० च्या वर टिकून राहण्याची शक्यता अर्धवट किडनी काढलेल्यांत ८० टक्के आणि पूर्ण किडनी काढलेल्यांत ३५ टक्के निघाली. त्यामुळे वाचवता येत असेल तर वाचवावी, यावर आता फारसा वाद नाही. या रुग्णात गाठ मोठी होती आणि मुख्य रक्तवाहिन्यांना चिकटून होती. सर्जनने पूर्ण किडनी काढायचं ठरवलं, ते बरोबरच होतं.

पहिले पाच दिवस

ऑपरेशननंतर मुलीने विचारलेला पहिला प्रश्न: "बाबांना आता लघवी निम्मीच होणार का?"

नाही. पहिल्या चोवीस तासांत दीड लिटरच्या वर लघवी झाली. लघवी किती होणार हे किती किडन्या आहेत यावर ठरत नाही. शरीरात पाणी आणि क्षार किती गेले आणि त्यातलं बाहेर किती टाकायचं आहे यावर ते ठरतं. तरुण, निरोगी माणसाच्या दोन किडन्या मिळून दिवसाला १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत शोषून घेतात. एक किडनी गेली तरी उरलेलीला दीड लिटर बाहेर टाकणं अजिबात जड नाही. म्हणूनच भरपूर लघवी होते आहे यावरून किडनी झकास चालली आहे असा निष्कर्षही काढता येत नाही. रुग्ण हा निष्कर्ष फार लवकर काढतात.

क्रिएटिनीन मात्र दुसऱ्या दिवशी १.४, तिसऱ्या दिवशी १.६ आणि पाचव्या दिवशी, घरी जाताना, १.६. या दिवसांत ई-जीएफआर काढण्यात अर्थ नसतो. आकडा एका जागी स्थिरावला आहे असं धरूनच ते सूत्र बनवलं आहे, आणि इथे तो रोज हलत होता. तरी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. उजवी किडनी जशी होती तशीच, ५२ वर, राहिली असती तर क्रिएटिनीन १.७ च्या पुढे गेलं असतं. ते १.६ वर थांबलं, कारण उरलेली किडनी एव्हाना कामाला लागली होती. रक्तप्रवाहातला बदल काही तासांतच सुरू होतो. त्याला आठवडे लागत नाहीत.

क्रिएटिनीनचा हिशेब

क्रिएटिनीन स्नायूंतून बनतं आणि रोज साधारण सारख्याच प्रमाणात बनतं. ते किडनीवाटे बाहेर पडतं. ऑपरेशनआधी मिनिटाला ८९ मिलिलिटर गाळण होतं, म्हणजे दिवसाला सुमारे १२८ लिटर. दर लिटरमध्ये १० मिलिग्रॅम क्रिएटिनीन, म्हणून रोज बाहेर जाणारं सुमारे १.२८ ग्रॅम.

या रुग्णाचं गाळण वर्षाअखेर ६५ वर स्थिरावलं. दिवसाला सुमारे ९४ लिटर. क्रिएटिनीन १.३, म्हणजे लिटरमागे १३ मिलिग्रॅम. गुणाकार करा: १.२२ ग्रॅम. अंदाजाची थोडी तफावत सोडली तर रोज बाहेर पडणारं क्रिएटिनीन तेवढंच. किडनी काढल्यावर काही दिवस क्रिएटिनीन साठत जातं, रक्तातली पातळी वाढते, आणि ती इतकी वाढली की कमी गाळणातूनही रोजचं सगळं क्रिएटिनीन बाहेर जाऊ लागतं, तिथे ती थांबते. रक्तातला चढलेला आकडा हा त्या नव्या तोलाचा आकडा आहे. शरीरात घाण साठत चालली आहे असा त्याचा अर्थ होत नाही. साठत चालली असती तर आकडा थांबला नसता.

पोटॅशियम आणि सोडियमचं तर याहून चोख चालतं. उरलेल्या किडनीतल्या सूक्ष्म नळ्या प्रत्येकी जास्त पोटॅशियम बाहेर टाकायला लागतात, त्यामुळे रक्तातली पातळी हलतही नाही. या रुग्णाचं पोटॅशियम ऑपरेशनआधी ४.४ होतं, सहा आठवड्यांनी ४.६.

उरलेली किडनी नेमकं काय करते

एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन असतात. एक नेफ्रॉन म्हणजे एक सूक्ष्म गाळणी आणि तिला जोडलेली नळी. माणसामाणसात यात मोठा फरक पडतो, दोन लाखांपासून वीस लाखांच्या वरपर्यंत. नेफ्रॉन बनण्याचं काम आईच्या पोटात ३६व्या आठवड्याच्या सुमारास संपतं आणि पुढे आयुष्यात नवा एकही बनत नाही. तेव्हा "दुसरी किडनी वाढते" म्हणजे तिच्यात नवे नेफ्रॉन येतात असं नाही. आहेत तेच थोराड होतात.

आधी रक्त वाढतं. हृदयातून दर मिनिटाला बाहेर पडणाऱ्या रक्ताचा साधारण पाचवा हिस्सा, लिटरभर तरी, दोन किडन्यांच्या वाट्याला येतो. एक गेली की उरलेलीच्या बारीक धमन्या सैल पडतात आणि तिच्यातून पूर्वीपेक्षा बरंच जास्त रक्त वाहतं. ग्लोमेरुलस म्हणजे केसासारख्या रक्तवाहिन्यांचा गुंता असलेली गाळणी. तिच्यातून जास्त रक्त गेलं की गाळलेला द्रवही जास्त निघतो. नंतरच्या आठवड्यांत आकार वाढतो. गाळण्या मोठ्या होतात, पण सर्वांत जास्त वाढतात त्या गाळणीनंतरच्या वळणावळणाच्या नळ्या, कारण जास्तीचा गाळलेला द्रव परत शोषायचं काम त्यांच्यावर येतं. मोठ्या माणसात पेशींची संख्या फारशी वाढत नाही, पेशी फुगतात. लहान मुलांत ही वाढ अधिक जोमदार असते, आणि जन्मतःच एक किडनी असलेल्या बाळात ती पोटात असतानाच सुरू झालेली असते.

निरोगी दात्याने किडनी दिली की त्याच्या उरलेल्या किडनीचं गाळण साधारण ४० टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे निम्मी किडनी गेली तरी एकूण काम मूळच्या ६५ ते ७० टक्क्यांवर येऊन थांबतं. आपल्या रुग्णाची उजवी किडनी ५२ वरून ६५ वर गेली. वाढ फक्त २५ टक्के. वरवर पाहता ही कमकुवत किडनी वाटते, पण तसं नाही. तिने आपली काही वाढ ऑपरेशनच्या आधीच, गाठ वाढत असताना, करून ठेवली होती. शिवाय वय ५४. पंचविशीतल्या दात्याची किडनी जेवढी ताणते तेवढी ही ताणणार नाही. एकूण हिशेबात ८९ चे ६५ झाले, म्हणजे ७३ टक्के काम शिल्लक. ५८ टक्के वाटा असलेल्या किडनीने ७३ टक्के काम अंगावर घेतलं.

याची किंमत एका ठिकाणी मोजावी लागते, राखीव क्षमतेत. भरपूर प्रथिनं पोटात गेली की निरोगी किडन्या काही तास आपलं गाळण वाढवतात. एकट्या किडनीत ही उसळी कमी होते, कारण त्या उसळीतला बराचसा भाग ती आता रोजच वापरते आहे. रोजच्या जगण्यात हे जाणवत नाही. जुलाब, ताप किंवा चुकीचं औषध आलं की जाणवतं, ते पुढे येईलच.

गाळणीच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात. प्रथिनं गाळलेल्या द्रवात उतरू नयेत हे काम त्यांचं. त्या विभागून वाढत नाहीत. गाळणी फार मोठी झाली तर पलंग मोठा आणि चादर तेवढीच, अशी त्यांची अवस्था होते. उघड्या पडलेल्या जागेतून अल्ब्युमिन लघवीत झिरपू लागतं. उरलेल्या किडनीवर ताण पडतो आहे की नाही, हे क्रिएटिनीनच्या आधी लघवीतलं अल्ब्युमिन सांगतं ते यामुळे.

किडनीतज्ज्ञ बॅरी ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली हाच धोका मांडला होता: थोड्या नेफ्रॉनवर जास्त भार पडला की आतला दाब वाढतो आणि तेही हळूहळू निकामी होतात. उंदरांत सहापैकी पाच हिस्से किडनी काढली की हे स्पष्ट दिसतं. पण दोनातली एक काढणं आणि सहातले पाच हिस्से काढणं यात फार अंतर आहे. किडनीदात्यांवर केलेल्या मोजमापांत जास्तीचं गाळण मुख्यतः वाढलेल्या रक्तप्रवाहातून आणि मोठ्या झालेल्या गाळण्यांतून आलेलं दिसतं, आतला दाब धोकादायक वाढल्याचं दिसत नाही. त्या उंदरांचा दाखला देऊन एका किडनीच्या माणसाला घाबरवणं मला पटत नाही.

काढलेल्या किडनीचा रिपोर्ट

पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये सगळे कॅन्सरचा प्रकार आणि ग्रेड वाचतात. इथे तो क्लिअर सेल प्रकारचा, ग्रेड २, किडनीच्या आत मर्यादित. पण खाली दोन ओळी असतात, गाठीपासून दूरच्या निरोगी भागाबद्दल. अमेरिकेतल्या पॅथॉलॉजिस्टांच्या संघटनेच्या नमुन्यात या ओळी भराव्याच लागतात, आणि त्याला कारण आहे. काढलेली किडनी म्हणजे आत राहिलेल्या किडनीची फुकट मिळालेली बायोप्सी. दोघींनी तोच रक्तदाब, तीच साखर, तेच वय सोसलेलं असतं.

या रुग्णात त्या दोन ओळी अशा होत्या: शंभरातल्या पाचांपेक्षा कमी गाळण्या वठलेल्या, धमन्यांची भिंत किंचित जाड. म्हणजे रक्तदाबाने थोडी खूण उमटवली आहे, पण मधुमेहाचा किंवा दुसऱ्या कुठल्या किडनीविकाराचा मागमूस नाही. इथेच हे प्रकरण दोनपैकी एका वाटेला लागलं. निव्वळ शस्त्रक्रियेमुळे कमी झालेला जीएफआर सहसा वर्षानुवर्षं टिकून राहतो. आधीच आजारी असलेल्या किडनीवर शस्त्रक्रियेची भर पडली तर घसरण चालू राहते. कागदावर दोघांचाही आकडा ५५ असतो आणि लॅबचं कॉम्प्युटर दोघांनाही एकच शिक्का मारतं.

तीन महिने: लाल अक्षरं आणि पाच लिटर पाणी

तिसऱ्या महिन्यात क्रिएटिनीन १.५, ई-जीएफआर ५५. रिपोर्टवर लाल अक्षरांत ‘दीर्घकालीन किडनीविकार, तिसरा टप्पा’ असं छापून आलं. लघवीतलं अल्ब्युमिन ३८, किंचित वर.

रुग्णाने तो रिपोर्ट वाचला आणि स्वतःच उपचार सुरू केले. दिवसाला पाच लिटर पाणी, "किडनी धुतली जावी" म्हणून. प्रथिनं जवळपास बंद. पंधरवड्यात डोकं जड राहू लागलं, थकवा आला, रात्री चारदा उठावं लागू लागलं. सोडियम १३२ निघालं, १३५ च्या खाली. सगळ्यांनी थकव्याचा दोष किडनीवर ठेवला. खरा दोष त्या दोन उपायांच्या जोडीचा होता. पाणी बाहेर टाकायला लघवीत काही विरघळलेले पदार्थ लागतात आणि त्यात मोठा वाटा युरियाचा. युरिया प्रथिनांपासून बनतो. प्रथिनं कमी केली की युरिया कमी, मग किडनीची पाणी बाहेर टाकण्याची मर्यादाही खाली येते. त्यात पाणी दुप्पट केलं तर ते रक्तात राहून सोडियम पातळ करणारच.

जास्त पाणी प्यायल्याने किडनी वाचते का, याची कॅनडात रीतसर चाचणी झाली आहे. तिसऱ्या टप्प्यातल्या रुग्णांना पाणी वाढवायला लावून वर्षभर पाहिलं, २०१८ साली निष्कर्ष आला: ई-जीएफआरच्या घसरणीत फरक पडला नाही. मुतखड्याचा त्रास असेल तर गोष्ट वेगळी. एरवी तहान लागेल तसं प्यावं, लघवी फिकट पिवळी असली की पुरे.

प्रथिनांचं माप किलोमागे रोज ०.८ ग्रॅम, म्हणजे ७४ किलोला साठेक ग्रॅम. टाळायच्या आहेत त्या प्रोटीन पावडरी. नेहमीचं जेवण नाही. पाणी दोन-सव्वादोन लिटरवर आणलं, जेवण पूर्ववत केलं. दहा दिवसांत सोडियम १३८ झालं आणि झोप परत आली.

याच भेटीत आणखी एक अडचण निघाली. कॅन्सर परतला नाही ना हे बघायचा सीटी स्कॅन त्यांनी परस्पर रद्द केला होता, सीटीच्या औषधाने उरलेली किडनी जाईल या भीतीने. ही भीती जुन्या काळातली आहे. आता रेडिओलॉजी आणि किडनीतज्ज्ञांचं एकमत असं की खरी सावधगिरी ई-जीएफआर ३० च्या खाली असलेल्यांत हवी. ५५ वर स्कॅन टाळणं म्हणजे नसलेल्या धोक्यापायी असलेला धोका अंगावर घेणं. स्कॅन झाला, स्वच्छ निघाला, क्रिएटिनीन जागचं हललं नाही.

पाचवा महिना

खरा धक्का लाल अक्षरांशिवाय आला. कंबर धरली म्हणून जवळच्या दवाखान्यातून डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मिळालं, दिवसातून दोनदा. चौथ्या दिवशी जुलाब सुरू झाले. टेल्मिसार्टन नेहमीप्रमाणे चालूच. सहाव्या दिवशी लघवी कमी झाली म्हणून तपासलं तर क्रिएटिनीन १.९, पोटॅशियम ५.५.

गाळणीला एक धमनी आत येते आणि एक बाहेर जाते. आतली मोकळी आणि बाहेरची आवळलेली असली की गाळणीत दाब राहतो. आतली मोकळी ठेवण्यासाठी शरीर प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं वापरतं, विशेषतः शरीरातलं पाणी कमी झालं की. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं नेमकी त्यांचीच निर्मिती बंद करतात. बाहेरची आवळून धरण्याचं काम अँजिओटेन्सिन या हार्मोनचं, ते टेल्मिसार्टन सैल करतं. त्यावर जुलाबांनी रक्तातला द्रवच घटवला. पाणी कमी, येणारा नळ आवळलेला, जाणारा उघडा. दोन किडन्यांच्या माणसालाही या तीन गोष्टी एकत्र आल्या तर महागात पडतात. राखीव क्षमता आधीच वापरून बसलेल्या किडनीला तर पडतातच.

यातली एकेक गोष्ट वेगळी पाहिली तर टेल्मिसार्टन दोषी नाही. ते रक्तदाब आणि लघवीतलं अल्ब्युमिन दोन्ही खाली आणतं, एकट्या किडनीसाठी ते चांगलंच औषध आहे. फक्त जुलाब-उलट्या चालू असताना, डॉक्टरांना विचारून, ते दोन-चार दिवस थांबवायचं असतं. ही सूचना घरी जाताना कागदावर लिहून दिली तर निम्मे असे प्रसंग टळतील असं माझं मत आहे. सहसा ती कुणी देत नाही. पथ्यांची यादी मात्र दोन पानी असते.

डायक्लोफिनॅक बंद केलं, टेल्मिसार्टन थांबवलं, ओआरएस सुरू केलं. तीन दिवसांनी क्रिएटिनीन १.६, दोन आठवड्यांनी १.४. म्हणजे मधल्या काळात किडनीची वाढ थांबली नव्हती, आकडा आधीच्या १.५ पेक्षाही खाली आला. टेल्मिसार्टन पुन्हा सुरू केलं. कंबरेसाठी पॅरासिटामॉल आणि व्यायाम.

"दुसरीपण जाईल का?"

हा प्रश्न रुग्णाने स्वतः कधी विचारला नाही, मुलीने विचारला. उत्तर देताना आधार घ्यावा असे पुरावे बरेच आहेत.

हायडेलबर्गमध्ये १८६९ साली गुस्ताव सायमन यांनी पहिली ठरवून केलेली किडनी काढण्याची शस्त्रक्रिया केली. त्याआधी त्यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून एका किडनीवर प्राणी जगतो याची खात्री केली होती. त्यांची रुग्ण बरी झाली. १९५४ च्या डिसेंबरात बोस्टनमध्ये रोनाल्ड हेरिक यांनी आपली एक किडनी जुळ्या भावाला दिली, पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण ते हेच. भाऊ आठ वर्षं जगला. रोनाल्ड २०१० पर्यंत, एका किडनीवर छप्पन्न वर्षं. दुसऱ्या महायुद्धात जखमेमुळे एक किडनी गमावलेल्या ६२ अमेरिकी सैनिकांचा पंचेचाळीस वर्षांचा आढावा १९९३ साली आला. त्यांचं आयुर्मान त्यामुळे कमी झालेलं दिसलं नाही.

पण धोका शून्य आहे असंही सांगू नये. २०१४ साली अमेरिकेतल्या ९६ हजारांहून अधिक किडनीदात्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पंधरा वर्षांत किडनी पूर्ण निकामी होण्याचा धोका दात्यांत दहा हजारांत ३१ च्या आसपास, तितक्याच निरोगी पण किडनी न दिलेल्यांत ४ च्या आसपास. पट मोठा, पण मूळ धोका लहान: हजार दात्यांत तीन. आपला रुग्ण दाता नाही, त्याला रक्तदाब आहे, वय जास्त आहे. त्याचा धोका दात्यापेक्षा थोडा जास्त धरणं प्रामाणिकपणाचं. तरीही डायलिसिसची शक्यता कमीच, आणि तीही मुख्यतः त्याच्या हातातल्या गोष्टींवर अवलंबून.

एक आणि दोन वर्षं

वर्षाअखेर क्रिएटिनीन १.३, ई-जीएफआर ६५, अल्ब्युमिन २२, रक्तदाब १२६/७८. सोनोग्राफीत उजवी किडनी ११.९ सेंमी. सोनोग्राफी करणाऱ्याने रिपोर्टमध्ये ‘आकार वाढलेला’ लिहिलं आणि घरात पुन्हा धावपळ झाली. ती वाढ हवीच होती.

दुसऱ्या वर्षी क्रिएटिनीन तेच, १.३. ई-जीएफआर ६४. वय एका वर्षाने वाढलं म्हणून सूत्राने एक अंक कापला, एवढंच. लाल अक्षरं गेली, सगळे खूश. या भेटीत काळजीची गोष्ट दुसरीच होती, आणि तिच्याकडे घरातल्या कुणाचं लक्ष नव्हतं. वजन ७४ वरून ८३ किलो. ऑपरेशननंतर "जपून राहा" म्हणून फिरणं बंद झालं ते बंदच. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी ६.१, मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अल्ब्युमिन २२ वरून ४६.

स्पेनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात किडनी काढलेल्या ७३ रुग्णांचा पाठपुरावा होता. ऑपरेशनच्या वेळी बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचं माप) ३० च्या वर असलेल्या १४ जणांपैकी १३ जणांच्या लघवीत पुढे प्रथिनं जाऊ लागली किंवा किडनीचं काम बिघडलं. उरलेल्या ५९ जणांत असे ७ निघाले. अभ्यास छोटा, तरी हे अंतर दुर्लक्ष करण्याजोगं नाही. वाढलेलं वजन गाळणीकडून आणखी काम मागतं, आणि एका किडनीकडे वाटून घ्यायला दुसरी नसते.

रुग्णाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "पण क्रिएटिनीन तर कमी झालंय ना?"

झालं आहे. ठरलं ते असं: टेल्मिसार्टनचा डोस वाढवून दोन आठवड्यांनी क्रिएटिनीन व पोटॅशियम बघायचं. त्या वेळी क्रिएटिनीन ३० टक्क्यांपर्यंत चढलं तरी औषध सोडायचं नाही, ही सूचना मुलीलाही दिली. चालणं आजपासून, जड सामान उचलण्यावर बंदी नाही, फक्त पोटावर मार बसेल असे खेळ नकोत. मीठ दिवसाला पाच ग्रॅमच्या आत. सहा महिन्यांत सहा किलो कमी. लघवीचं अल्ब्युमिन तीन महिन्यांनी पुन्हा, सकाळच्या पहिल्या नमुन्यात, कारण दिवसभराच्या धावपळीने ते खोटं वाढतं. एकट्या ४६ वर निदान करायचं नाही. दुसऱ्यांदाही ३० च्या वर आलं तर एसजीएलटी२ गटातलं (मूळचं मधुमेहासाठीचं, पण किडनीही जपणारं) औषध सुरू करण्याचा विचार.